वाघाची गाठ आणि पायी चालणारे

वाघाची गाठ पडणे वेगळे आणि ती कुणीतरी घालून देणे वेगळे. १९११ च्या डिसेंबरात बादशहा पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीस गेले. दहा दिवसांत ३९ वाघ मारले गेले. दिमतीला सहाशेंवर हत्ती होते. त्यांवर माहूत होते, वाघ हेरणारे खोजी होते. हकिकतींत ते आकड्यापुरते उरले. आपल्याकडे तर हाकाऱ्यांनी डबे बडवीत पायी रान उठवायचे आणि साहेबाने मचाणावर बसायचे, असा रिवाज.

१९७२ च्या कायद्याने ती शिकार बंद झाली, पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प आला, हे उत्तमच झाले. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या ताडोब्यात आता आपण जिप्सीत बसून वाघ पाहतो; आणि तो दिसला नाही तर वाटाड्यावर रागावतो! तिथल्या तळ्याकाठी तारूचे ठाणे आहे. तारू हा वाघाशी झुंजताना पडलेला गावप्रमुख, अशी कथा. गोंड लोक त्याला देव मानतात, आणि रानाला नाव त्याचेच.

वाघांचा जो आकडा आपण अभिमानाने सांगतो, तोही पायी चालूनच जमवावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यातच एक महिला वनरक्षक गणनेसाठी खुणा टिपीत निघाली होती. बरोबर तीन मजूर. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. अर्धा तास थांबून त्यांनी झाडीतून वळसा घेतला. वाघिणीने तिला मागून गाठले व आत ओढून नेले. मजूर परतले.