विद्यापीठाचा कर्णधार

संस्था नियमांवर चालते की माणसांवर, हा प्रश्न सार्वजनिक कार्य करणाऱ्यांस नित्य पडतो. त्याचा विचार करिताना कलकत्ता विद्यापीठाच्या इतिहासातील एक पर्व आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

हे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु पहिली पन्नास वर्षे परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्याचे मुख्य कार्य होते. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः अध्यापन करण्याची मुभा मिळाली. मुंबईसही तोच कायदा लागू होता. पण तेथे विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग निघण्यास १९१९ साल उजाडले. कलकत्त्यास १९०६ साली आशुतोष मुकर्जी कुलगुरू झाले, आणि कायद्याच्या अक्षरांत प्राण आला.

हायकोर्टाचे न्यायाधीशपद सांभाळून त्यांनी हा भार वाहिला. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष ह्यांच्या उदार देणग्यांतून १९१४ साली विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला गेला. त्याच वर्षी त्यांची पहिली कारकीर्द संपली, तरी पदव्युत्तर शिक्षणाची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. गुणी माणूस हेरावा, तो कोणत्या प्रांताचा हे पाहू नये आणि आणल्यावर त्याला मोकळेपणाने काम करू द्यावे, ही त्यांची रीत होती. सरकारी हिशेबखात्यातील रामन १९१७ साली पालित प्राध्यापक झाले. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर प्राचीन इतिहासाच्या अध्यासनावर आले. १९२१ साली म्हैसूरहून राधाकृष्णन् आले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस तर नुकतेच एम्. एस्सी. झालेले तरुण होते. त्यांच्यावरही अध्यापनाचा भार सोपविला गेला.

ह्या चित्राची दुसरी बाजू लपविणे इतिहासास शोभणार नाही. सर्व सूत्रे एका हाती एकवटली आणि विस्तार द्रव्यबळापुढे धावला. तिजोरीत तूट आली. १९२२ साली सरकारने अटी घालून अनुदान देऊ केले, तेव्हा विद्यापीठाचे स्वातंत्र्य विकणार नाही, अशी भूमिका घेऊन आशुतोषांनी ते नाकारले. तो बाणेदारपणा वंद्य खरा. परंतु बाणेदारपणाने तूट भरून निघत नाही.

१९२४ साली ते निवर्तले. रामन ह्यांचा जगद्विख्यात शोध १९२८ साली लागला. तो पाहण्यास आशुतोष नव्हते. वसतिगृहे व शिष्यवृत्तीनिधी चालविणाऱ्या आपण सर्वांनी ह्यातून एवढेच घ्यावे, की कर्णधाराची पारख त्याच्या अधिकारावरून नव्हे, तर त्याने निवडलेल्या माणसांवरून होते. आणि हिशेबाची वही मात्र त्याने दुसऱ्यासही पाहू द्यावी.