भिंतीवरची नोटीस आणि घरमालकाची जबाबदारी

आज २०१५ सालच्या दोन रात्रींपासून सुरुवात करू. २८ जुलैच्या रात्री ठाकुर्लीतली मातृकृपा इमारत कोसळली, ९ जण गेले. आठवड्याभरातच, ४ ऑगस्टला, ठाण्याच्या नौपाड्यात कृष्णा निवास पडली, १२ जण गेले. जुनी इमारत पडली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘एवढ्याशा भाड्यात कोणता मालक डागडुजी करतो? सगळीकडे असंच चालतं.’

हा रिवाज आला कुठून? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांचं प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला बांधून टाकलं. त्यात भाडेकरूला आसरा मिळाला, पण मालकाला दुरुस्ती परवडेना. मग पागडी आली आणि गिलावा, गळती भाडेकरूच्या गळ्यात पडली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली.

पण रिवाज म्हणजे कायदा नव्हे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच टाकतं. १५ दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे समजा महिना ५० रुपये भाडं, तर वर्षाला १५० रुपये. त्यात खांब सोडा, एक टेकूही लागत नाही!

‘सगळे असंच करतात’ याला न्यायालयं काय म्हणतात? न्यूयॉर्कमध्ये न्हाणीघराची काच फुटून एक भाडेकरू जखमी झाला. १९८२ च्या निकालात न्यायालय म्हणालं, इतर मालक सुरक्षित काच बसवतात हा पुरावा धरता येईल, पण तो रिवाज वाजवी आहे का, हेही तपासावं लागेल. तिथे चांगला रिवाज मालकाविरुद्ध उभा राहिला. आपल्याकडे वाईट रिवाजाची ढाल होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ही ढाल बरीच पातळ केली. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये पडला होता. तो ८० वर्षांचा, त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. दोष दिसत नव्हता, ही सबब महापालिकेला चालली नाही. तिथे मेले ते वाटसरू होते. मग त्याच छताखाली झोपणाऱ्या भाडेकरूला कमी संरक्षण का असावं?

म्हणून एवढंच सांगू: मालकाला तोंडी सांगून थांबू नका. नोटीस टपालाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. रिवाजाला उत्तर द्यायचं तर आपल्या हातात कागद हवा.