डोळ्यावर बसणारे भिंग

घाऱ्या डोळ्यांचे कौतुक मराठी घराला नवे नाही. ज्याचे डोळे जन्मतः काळे, त्याला मात्र पूर्वी ते कौतुक दुरूनच पाहावे लागे. आज नखाएवढी दोन रंगीत भिंगे, म्हणजेच रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स, ही उणीव क्षणात भरून काढतात. लग्न, नाटक, नृत्य अशा एखाद्या निमित्ताने ती प्रथमच लावणाऱ्याच्या हाती भिंगांबरोबर सूचनांचा एक कागदही येतो आणि बहुधा न वाचताच बाजूला पडतो. नियमांची कलमे चाळण्यात ज्याचे दिवस जातात, त्याला अशा कागदाविषयी आस्था वाटावी हे स्वाभाविक आहे. चांगला नियम हवेत जन्मत नाही. त्यामागे काहीतरी घडलेले असते. या कागदामागे तर माणसांचे डोळेच आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिच येथे अडोल्फ फिक नावाचे नेत्रवैद्य होते. डोळ्यावरच टेकणारे काचेचे भिंग त्यांनी आधी सशांच्या, मग स्वतःच्या आणि त्यानंतर इतरांच्या डोळ्यांवर वापरून पाहिले. १८८८ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. भिंग व डोळा यांच्यामध्ये ते द्राक्षशर्करेचे द्रावण भरीत. काही तासांनी दृष्टीवर धुके पसरते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढच्याच वर्षी कील येथील आउगुस्ट म्युलर यांनी आपल्या प्रबंधात अशाच भिंगांचे वर्णन केले. ते स्वतः तीव्र ऱ्हस्वदृष्टीचे होते. परंतु औषधाने डोळा बधिर करूनही ते भिंग त्यांना अर्ध्या तासापलीकडे सोसले नाही. पहिल्या दिवशी भिंग थोडाच वेळ लावावे आणि डोळा कुरकुरू लागताच ते काढावे, हा नवख्याला सांगितला जाणारा नियम असा जुना आहे.

ते धुके कशाचे, याचे उत्तर पुढे मिळाले. डोळ्याच्या दर्शनी भागावर पारपटल नावाचा पारदर्शक पडदा असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत; असत्या तर तो पारदर्शक राहिलाच नसता. त्यामुळे लागणारा प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या द्वारे घेतो. भिंग म्हणजे या श्वासाच्या वाटेवरचे दार होय. झोपेत पापण्या मिटल्या की ती वाट आणखी अरुंद होते. म्हणून रंगीत भिंगे लावून झोपू नये, दुपारच्या डुलकीपुरतेही नाही.

काचेनंतर प्लॅस्टिक आले. मग प्राग येथील ओटो विख्टर्ले यांनी पाणी शोषणारा मऊ पदार्थ सहकाऱ्यांसह सिद्ध केला आणि १९६१ च्या नाताळात, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातील भाग व सायकलचा डायनॅमो वापरून, घरच्या घरी मऊ भिंगे तयार केली. १९७१ साली अमेरिकेत अशा भिंगांच्या विक्रीस अनुमती मिळाली. टोचणे संपले, वापर सोपा झाला. पण सोपेपणाबरोबर निष्काळजीपणाही आला. जो पदार्थ पाणी शोषतो, तो पाण्यातले इतरही काही धरून ठेवतो. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत काही लोक मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच द्रावण करीत. त्यांच्यापैकी काहींच्या पारपटलात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव शिरला आणि अतिशय वेदनादायक, हट्टी व्रण झाले. हा जीव नळाच्या, विहिरीच्या व तलावाच्या पाण्यातही असतो. तेव्हा भिंगाला पाणी लागू देऊ नये, ते लावून स्नान वा पोहणे करू नये, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि डबीतले द्रावण रोज नवे घ्यावे. जुन्यात नव्याची भर घालणे ही काटकसर नव्हे.

शेवटचा धडा बाजाराचा. केवळ शोभेच्या भिंगांना नंबर नसतो. म्हणून ती काजळ-पावडरच्या पंक्तीला बसली. परंतु डोळ्याची गोलाई प्रत्येकाची निराळी. घट्ट भिंगाखाली अश्रू खेळत नाहीत, सैल भिंग पारपटलावर घासते. मैत्रिणीचे भिंग उसने लावले, तर तिच्या डोळ्यातील जंतूही उसने येतात. अमेरिकेत २००५ साली कायदाच झाला, की बिननंबरी भिंगसुद्धा वैद्यकीय साधन मानले जाईल आणि चिठ्ठीवाचून विकता येणार नाही. कायद्याचा आशय एका वाक्यात सांगायचा, तर डोळा रंग आणि नंबर यांत भेद करीत नाही.

म्हणून, श्रोतेहो, घरातील कोणी रंगीत भिंगे आणावयाची म्हटली, तर त्याच्या हौसेला नावे ठेवू नका. आधी नेत्रवैद्याकडून मोजमाप करून घेण्यास मात्र सांगा. भिंगे लावल्यावर मग रंगभूषा करावी, आणि ती उतरविण्यापूर्वी भिंगे काढावीत. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढून त्याच दिवशी वैद्य गाठावा. फिक आणि म्युलर यांनी जे शिकावयास स्वतःचे डोळे पणास लावले, ते आपल्याला एका कागदावर आयते मिळते. तो कागद वाचण्यास पाच मिनिटे पुरतात.