पूरवेला आणि खरेदीखत

हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्यांत वारंगा फाटा म्हणून जें ठिकाण आहे, त्याचें नांवच त्याची उत्पत्ति सांगतें. जुनें गांव नदी, विहीर किंवा गढी यांच्या आश्रयानें वसे. फाटा रस्त्याच्या आश्रयानें वसतो. हिंगोलीहून नांदेडास जाणारा मार्ग व नागपूर-तुळजापूर महामार्ग यांची येथें गांठ पडते. अशा ठिकाणीं जमीन घेणारा पुष्कळदां परगांवचा असतो, आणि उन्हाळ्यांत पाहिलेली जमीन पावसाळ्यांत कशी दिसते हें त्यास ठाऊक नसतें. याच तालुक्यांतून कयाधू वाहते, पैनगंगा त्याच्या शिवेला लागून जाते, आणि सप्टेंबर २०२४ च्या आरंभीं हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांत मोठी अतिवृष्टि झाली. तेव्हां विकणारास ठाऊक असलेला पूर घेणारास सांगणें कायद्यानें बंधनकारक आहे काय, व पूर्वीं होतें काय, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

विक्रीच्या मालाचा दोष झांकणें धर्मशास्त्रानें निषिद्ध मानलें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सदोष, उणी किंवा झांकलेली वस्तु विकण्यास मनाई आहे. नारदस्मृतीनें निर्दोष माल दाखवून सदोष माल देणारास दुप्पट किंमत भरावयास लाविली आहे. परंतु हे नियम मुख्यतः जंगम मालाचे होत. स्थावराविषयीं अधिक माहिती कौटिलीय अर्थशास्त्रांत मिळते. त्याच्या तिसऱ्या अधिकरणाप्रमाणें घर विकावयाचें तर शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष घरापुढें पुकारा करावा. शेत, बाग, बांध, तळें यांची विक्री ग्रामवृद्धांसमक्ष, सीमा सांगून करावी. चौथ्या अधिकरणांत नदीकांठच्या गांवांनीं पावसाळ्यांत ‘पूरवेला’ सोडून राहावें व लांकडें, वेळू आणि नावा जवळ बाळगाव्या, अशी आज्ञा आहे. पूरवेला म्हणजे पूर जेथवर पोंचतो ती मर्यादा. म्हणजे ही मर्यादा लोकांस माहीत असावी अशी ग्रंथकाराची अपेक्षा होती. मात्र विक्रीच्या पुकाऱ्यांत ती सांगितलीच पाहिजे असा नियम त्यानें केला नाहीं.

मराठी कागदपत्रांकडे वळलें असतां असेंच दिसतें. इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह जमीन दिल्याची परिभाषा येते. तींत पाणी लाभ म्हणून येतें, भय म्हणून नव्हे. मिरासपत्रांत चतुःसीमा असतात व कोणी भाऊबंदानें हरकत केल्यास तिचें निवारण करण्याची हमी असते. ही हमी मालकीची. भूमीच्या दोषाची नव्हे. यावरून आपले पूर्वज बेफिकीर होते असें अनुमान काढणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. व्यवहार पाटील, कुळकर्णी व शेजारी यांच्या साक्षीनें होई आणि घेणारा बहुधा त्याच पंचक्रोशींतला असे. ओढ्याचें पाणी कोणाच्या ओट्यास लागतें हें साऱ्या गांवास पाठ असे. जें सर्वांस ठाऊक, तें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें.

इंग्रजी अमदानींत साक्षीची जागा दस्तानें घेतली. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, बोलण्याचें कर्तव्य नसेल तर नुसतें मौन हें कपट ठरत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानें स्थावरापुरतें तें कर्तव्य निर्माण केलें. मालमत्तेंतील जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे, घेणारास ठाऊक नाहीं, व साधारण सावधगिरीनें त्यास कळण्याजोगाही नाहीं, तो विकणारानें सांगितला पाहिजे; न सांगणें कपट समजलें जाईल. मुंबई इलाख्यास हा कायदा १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असल्यानें तो तेथें आपोआप लागू नव्हता. त्या राज्यानें पुराचा धडा घेतला तो निराळ्या रीतीनें. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीच्या पुरानें हैदराबाद शहरांत हजारों माणसें मेलीं. पुढें विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानें उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. पाणी अडविण्याची व्यवस्था झाली. पाण्याची वार्ता घेणारास सांगण्याचा प्रश्न तसाच राहिला.

५५ व्या कलमांत पूर हा शब्द नाहीं. पूर हा महत्त्वाचा दोष खरा, परंतु ‘चौकशी केली असती तर शेजाऱ्यांनीं सांगितलें असतें’ असें विकणारा म्हणूं शकतो. हा बचाव जुन्या गांवीं रास्त होता. फाट्यावर, जेथें शेजारीही नुकतेच आलेले, तेथें तो लंगडा पडतो. शिवाय उभयतांनीं विरुद्ध करार केल्यास या कलमाचें कर्तव्य बदलूं शकतें.

अलीकडे शासनानें पूरवेला पुन्हा कागदावर आणिली आहे. २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खातें आखतें. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनें निळ्या रेषेच्या आंत नव्या बांधकामास सामान्यतः बंदी केली आहे, व दोन्हीं रेषांमध्यें जोतें लाल रेषेच्या पातळीहून निदान ४५ सेंटिमीटर उंच असावें असें ठरविलें आहे. पण हें बंधन बांधणारावर आहे, विकणारावर नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा भारही मुख्यतः नव्या प्रकल्पांच्या प्रवर्तकांवर आहे. सात-बाराच्या उताऱ्यांत पुराचा रकाना नाहीं. फ्रान्सनें २००३ च्या कायद्यानें, व न्यूयॉर्क संस्थानानें २०२४ पासून, विकणारानें पूर्वीच्या पुराची माहिती लेखी द्यावी असें ठरविलें. न्यूयॉर्कांत पूर्वीं ५०० डॉलर सोडून विकणारास मौन विकत घेतां येई. ती वाट आतां बंद आहे.

तात्पर्य, आमच्या मतें, नवा नियम जुन्या रीतीस परका नाहीं. गोताच्या साक्षीनें जें काम आपोआप होई, तें खरेदीखतांतील एका ओळीनें करावयाचें आहे: या जमिनीवर कोणत्या सालीं, कोठवर पाणी आलें होतें. ती ओळ खरी असावी यासाठीं कयाधू व पैनगंगेच्या कांठच्या वृद्धांकडून जुन्या पुरांच्या खुणा आजच टिपून घेतल्या पाहिजेत. हें काम संशोधकांचें आहे. कारण त्या खुणा सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.