बेदरची विद्याशाळा

शनिवार-रविवारची सुटी साधून नांदेड-लातूरकडील पुष्कळ कुटुंबे बेदर पाहावयास जातात. लातूर रोडाहून आगगाडी उदगीर, भालकी करीत तेथे पोचते. नांदेडकरांस देगलूरवरून मोटार सोयीची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेदर म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. तोवर हे सारे एकाच जिल्ह्यात नांदत होते. तेव्हा बेदर आपणांस परके नव्हे.

बहुतेक मंडळी प्रथम किल्ला गाठतात. रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम पाहून मुले हरखतात, ते योग्यच. मी मात्र नातवंडांस प्रथम नेले ते गावातील महमूद गावानाच्या मदरशात. इराणातील गिलान प्रांताचा हा गृहस्थ व्यापारी म्हणून दाभोळ बंदरी उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ साली त्याने ही तीनमजली विद्याशाळा बांधली. तीत अध्यापक व विद्यार्थी यांच्या राहण्याची सोय होती, मशीद होती आणि मोठा ग्रंथसंग्रह होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट होऊन इमारतीचा बराच भाग ढासळला. दर्शनी दोन मनोऱ्यांपैकी आज एकच उभा आहे. त्यावरील रंगीत चिनी फरशांचे अवशेष अजूनही उन्हात चकाकतात.

"आजोबा, हे बांधणाराचे पुढे काय झाले?" असे धाकट्या नातीने विचारले. इतिहासाचा खरा धडा तेथेच आहे. गावानाने राज्याच्या चार सुभ्यांचे आठ सुभे केले आणि सरदारांच्या हातचे किल्ले कमी केले. दुखावलेल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजास लिहिलेले बनावट पत्र रचले. सुलतान तिसरा महंमदशहा याने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. वर्षभरात सुलतानही वारला. आणि त्या राज्याची हळूहळू अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडे व बेदर अशी पाच शकले झाली. आमचे औसा, उदगीर, कंधार हे किल्ले त्यानंतर या सत्तांच्या ओढाताणीत सापडले आणि १६३६ पर्यंत मोगलांच्या हाती गेले.

इमारत अपघाताने पडली, राज्य मात्र एका न पडताळलेल्या पत्राने खचले. बेदरास जाल तेव्हा मुलांना महाल अवश्य दाखवा. परंतु त्या एकट्या मनोऱ्याखाली घटकाभर बसवून ही हकीकत सांगा. शिक्का खरा असला म्हणजे मजकूरही खरा असतो असे नाही, हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे.