शिन-ओकुबोची भिंत

शिन्जुकूच्या पुढचंच स्टेशन, शिन-ओकुबो. आपण तिथे मसाले, डाळी आणायला जातो. पण स्टेशनातली जपानी-कोरियन पाटी किती जणांनी पाहिलीय? २६ जानेवारी २००१ रोजी रुळांवर पडलेल्या जपानी माणसाला वाचवायला ली सू-ह्यॉन हा कोरियन विद्यार्थी आणि सेकिने शिरो हे जपानी छायाचित्रकार धावले. तिघेही गेले.

त्याच वस्तीत २०१३ मध्ये कोरियनांना हाकला म्हणणारे मोर्चे निघाले, भिंतींवर शिव्या उमटल्या. त्या पुसायला पुढे जपानी स्वयंसेवकच हातात फडकी घेऊन फिरले! २०१६ चा द्वेषभाषणविरोधी कायदा आला, तोही शिक्षेविना. कावासाकीने मात्र जुलै २०२० पासून, दोनदा बजावूनही न ऐकणाऱ्याला ५ लाख येनपर्यंत दंड ठेवला. हा दंड भर रस्त्यात कर्णे-फलक घेऊन ओरडणाऱ्यांना. रात्री गुपचूप भिंतीवर लिहिणारा सापडतो कुठे?