टेकूवर तोललेली चाळ

मुंबईच्या जुन्या चाळींची दुरुस्ती म्हणजे भरल्या घरातली दुरुस्ती. वरच्या मजल्यावर तुळई बदलली जात असते आणि खालच्या खोलीत कुकरची शिट्टी होत असते. कंत्राटदाराची जबाबदारी कराराच्या कलमांइतकीच या परिस्थितीने ठरवली.

या परिस्थितीची मुळे भाडे नियंत्रणात आहेत. युद्धकाळात शहरात घरांची टंचाई झाली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. घर राहण्याजोगे राखणे हे मालकाचे काम, असेही तोच कायदा सांगत होता. पण गोठलेल्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना, तेव्हा मालकांनी हात आखडता घेतला. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. त्यावर उपाय सुचवण्यासाठी १९६८ साली बेडेकर समिती नेमली गेली, १९६९ साली कायदा झाला आणि १९७१ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उभे राहिले. पुढे ते म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झाले. दुरुस्तीसाठी उपकर बसला आणि १९,६४२ इमारती ‘उपकरप्राप्त’ ठरल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. भाडे गोठवणारी तारीखच इमारतीचे वय मोजण्याची खूण झाली.

या व्यवस्थेत मालकी एकाची, वास्तव्य दुसऱ्याचे आणि बिल काढणारे मंडळ तिसरे. कंत्राटदार बांधील मंडळाला, काम मात्र भाडेकरूच्या खोलीत. मोजमाप वहीत गर्डर, वीटकाम, गिलावा यांच्या नोंदी होतात. ताडपत्रीखाली काढलेल्या रात्रींची नोंद होत नाही. भाडेकरूंच्या सोयीगैरसोयीचा प्रश्न म्हणूनच मुकादम, मंडळाचा अभियंता आणि चाळीतली जाणती माणसे यांच्यात रोजच्या रोज सुटत आला. त्या त्रासाची नोंदच नसणे ही या व्यवस्थेतली खरी उणीव होती.

कामाची सुरुवात टेकूने होते. या इमारतींचा सांगाडा बहुधा सागवानी: खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि चुन्याची कोबा जमीन. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक ओल धरते आणि आतून कुजते. मोरी किंवा मागच्या बाजूचे सामाईक संडास जवळ असतील, तर लवकर. ते टोक मोकळे करण्याआधी वरचा भार दुसरीकडे न्यावा लागतो. एकाच मजल्यावर टेकू लावून भागत नाही, कारण तो भार खालच्या जमिनीवर येतो. म्हणून तळमजल्यापासून वर, एकाखाली एक, प्रत्येक खोलीत टेकू उभे राहतात. बुडाशी फळी आणि लाकडी पाचर. ती ठोकून टेकू घट्ट करायचा आणि काम चालेल तोवर पुन्हा पुन्हा तपासायची, कारण धक्क्यांनी ती सैल होते. तिसऱ्या मजल्याच्या दुरुस्तीसाठी पहिल्या मजल्यावरच्या घराचा ओटा अडतो. त्या घरच्या बाईला हे आधी समजावून सांगणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. वाटेत येतो म्हणून कोणी टेकू सरकवला, तर वरची माणसे धोक्यात येतात.

मग कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर येतो. जिना अडणार नाही, राडारोडा गॅलरीत साचणार नाही, कारण जुन्या जमिनीला तो भार पेलत नाही, हे कंत्राटदाराने पाहायचे. संडास फोडायचे तर सगळे एकदम नाहीत. निम्मे चालू ठेवून. पाण्याच्या वेळेला नळजोडणी तोडायची नाही. छप्पर उघडले असेल आणि पाऊस तोंडावर असेल, तर संध्याकाळी ताडपत्री बांधल्याशिवाय मजूर सोडायचे नाहीत. काम संपल्यावरही कंत्राटदाराची अनामत रक्कम लगेच सुटत नाही. ठरलेल्या मुदतीत गळती निघाली तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने.

खोली राहण्याजोगी उरतच नसेल, तर भाडेकरूंना संक्रमण शिबिरात हलवले जाते. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा आहे आणि ती वेळोवेळी वाढवली गेली. मर्यादेवरचा खर्च रहिवासी स्वतः भरू शकतात. नाही भरला, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते आणि पुनर्रचनेच्या रांगेत जाते. शिबिरात गेलेल्या कित्येक कुटुंबांची पुढची पिढीही तिथेच वाढली. मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ज्या इमारतीतून माणसे अजून हललेली नाहीत, तिथे पाचरी पुन्हा ठोकाव्या लागतात.